ओल्ड सॅरमचं वतन

आमच्या वाईच्या घरात माळ्यावर एक लाल रुमाल आहे. खिशातला नव्हे, दप्तराचा. जुने मोडी कागद ज्यात गाठ मारून ठेवतात तो. आजोबांकडे कुलकर्णी वतनाचा चार आणे हिस्सा होता. १९५१ साली वतनं गेली, पुढे आजोबा गेले, रुमाल राहिला. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, वतन म्हणजे शेत का? ते म्हणाले, "शेत दिसतं गं. वतन दिसत नाही. तो हक्क असतो. वाटून घेता येतो, गहाण टाकता येतो, विकता येतो. आणि त्यावरून जन्मभर भांडताही येतं."

ही व्याख्या मला पुढे आठवली ती इंग्लंडमधल्या एका उजाड टेकडीवर.

धाकटी बहीण साउथॅम्प्टनला असते. तिच्याकडे गेले असताना एका रविवारी घरातली सगळी वरात स्टोनहेंजला निघाली. मला गर्दीचा कंटाळा. मी सॉल्सबरीला उतरले आणि बस धरून ओल्ड सॅरमला गेले. शहराच्या उत्तरेला जेमतेम दोन मैल. एकात एक अशा दोन गोल तटबंद्या, मधोमध नॉर्मन किल्ल्याचे पडके चौथरे, आणि एका अंगाला जुन्या कॅथेड्रलचा पाया, गवतावर खडूने आखून ठेवल्यासारखा. १२२० साली नव्या कॅथेड्रलचं काम खाली नदीकाठी सुरू झालं, देवामागून माणसं उतरली, आणि वरचं गाव हळूहळू ओस पडलं. वारा असा की ओढणी धरावी की पर्स, कळेना. खाली नव्या कॅथेड्रलचं १२३ मीटर उंच टोकदार शिखर दिसत होतं. वर मी, दोन कुत्रेवाले आणि ढग.

या ओसाड टेकडीवरून १८३२ सालापर्यंत ब्रिटिश पार्लमेंटात दोन खासदार जात होते. कापडगिरण्यांनी फुगलेल्या मँचेस्टरला स्वतःचा एकही नव्हता.

ते कसं चालायचं हे समजून घेताना मला वडिलांची फार मदत झाली. इथे मत माणसाला चिकटलेलं नव्हतं, जमिनीच्या ठरावीक तुकड्यांना चिकटलेलं होतं. तुकडे सगळे एकाच मालकाचे. निवडणूक आली की मालक ते आपल्या भरवशाच्या दहा-अकरा जणांच्या नावावर करून देई. ते जण टेकडीखालच्या शेतात एका एल्मच्या झाडाखाली जमत, मालकाने सांगितलेली दोन नावं उच्चारत, आणि काम झालं की तुकडे ज्याचे त्याला परत. त्या मतदारांपैकी कुणीही तिथे राहत नसे. आमच्या आजोबांचा हिस्सा चार आण्यांचा होता. हे सोळा आणे वतन होतं.

१६९१ च्या सुमाराला ते सॉल्सबरीच्या अर्लकडून थॉमस पिट नावाच्या माणसाने विकत घेतलं.

हा थॉमस डॉर्सेट परगण्यातल्या एका पाद्र्याचा मुलगा, जन्म १६५३ चा. बाप गावच्या चर्चमध्ये प्रवचनं देणारा, घरात बेताचं. थॉमस विशीत हिंदुस्थानात आला आणि बालासोरच्या बाजूला व्यापार करू लागला. पूर्वेच्या व्यापाराची सनद तेव्हा एकट्या ईस्ट इंडिया कंपनीकडे होती. सनदेबाहेर परस्पर व्यापार करणाऱ्यांना कंपनी घुसखोर म्हणायची, आणि पिट हा घुसखोरांतला मातब्बर. कंपनीने त्याला धमकावलं, इंग्लंडला परतल्यावर अटक करवली, हजार पौंडांचा दंड ठोठावून घेतला. तो दंड पुढे चारशेवर आला. पिटने उरलेल्या पैशातून विल्टशरमध्ये जमीनजुमला घेतला आणि त्याबरोबर हे वतन.

पुढची चाल कंपनीची. या माणसाला हरवता येत नाही हे पटल्यावर तिने त्यालाच १६९८ साली मद्रासचा गव्हर्नर करून पाठवला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. त्याने कारभार चोख केला, हेही सांगायला हवं. १७०२ मध्ये मुघलांचा दाऊदखान मद्रासला वेढा घालून बसला, तेव्हा पिट डगमगला नाही. तो पोचला त्याच वर्षाच्या आरंभी जिंजी मुघलांच्या हाती पडली होती आणि राजाराम महाराज तिथून निसटून महाराष्ट्राकडे आले होते. त्याच किनाऱ्यावरचा इंग्रजांचा दुसरा किल्ला, सेंट डेव्हिड, कंपनीने १६९० मध्ये राजारामांकडूनच पैसे मोजून घेतला होता. म्हणजे पिटच्या पायाखालच्या जमिनीचा एक तुकडा मराठी शिक्क्याचा. इंग्रजांचा इतिहास वाचताना असं कुठेतरी आपलं नाव निघतं आणि उगाच कान टवकारतात.

गव्हर्नरचा पगार तुटपुंजा असे. खरी कमाई खासगी व्यापारात. १७०१ च्या अखेरीस जमचंद नावाचा हिऱ्यांचा मोठा व्यापारी एक कच्चा दगड घेऊन त्याच्याकडे आला. वजन ४१० कॅरेट. कृष्णाकाठच्या खाणींतला. जमचंदने सांगितले दोन लाख होन. इंग्रजी पुस्तकांत पॅगोडा लिहितात, तो दक्षिणेतला होनच. त्यावर काही महिने घासाघीस चालली. जमचंद उतरत राहिला, पिट मान हलवत राहिला, दोघे तुटले, पुन्हा बसले. सौदा ठरला ४८ हजार होनांना, म्हणजे सुमारे २०,४०० पौंडांना. दोन लाखांपासून अठ्ठेचाळीस हजारांपर्यंत! आमच्या मंडईत याला ‘भाव करणं’ म्हणत नाहीत, त्याला वेगळा शब्द आहे.

थोरला मुलगा रॉबर्ट हिरा घेऊन १७०२ मध्ये जहाजाने निघाला. लंडनमध्ये पैलू पाडायला दोन वर्षं लागली आणि ४१० कॅरेटचे १४० राहिले. मग सुरू झाली पनवती. एवढा हिरा घेणार कोण? राजेलोक बघत, वाहवा करत आणि हात आखडत. इकडे बोलवा उठली की पिटने तो लुटला. बोलवा इतकी वाढली की १७१० मध्ये परतीच्या वाटेवर नॉर्वेतल्या बर्गेनला थांबला असता त्याने सगळ्या सौद्याची हकीकत देवाला साक्षी ठेवून लिहून काढली. सौद्याचे आकडे आपल्याला कळतात ते त्या कागदावरून. जमचंदने असा कागद लिहून ठेवलेला नाही, त्यामुळे त्याला काय वाटलं ते कोण सांगणार.

शेवटी १७१७ मध्ये फ्रान्सच्या बालराजाचा कारभारी, ऑर्लेआंचा ड्यूक फिलिप, याने तो १,३५,००० पौंडांना घेतला. मध्यस्थी जॉन लॉ या स्कॉटिश सराफाची. कारभाऱ्याच्या पदावरून हिऱ्याला नाव पडलं ‘रीजंट’. तो पंधराव्या लुईच्या मुकुटात बसला, क्रांतीत चोरीला गेला, सापडला, नेपोलियनच्या तलवारीच्या मुठीत गेला, आणि शेवटी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाकडे आला, तिथल्या अपोलो दालनात मांडला गेला. मी तो पाहिलाय. काचेपुढे गर्दी होती, तरी मागून एका काकूंनी "एवढासाच?" म्हटलेलं मराठीतच ऐकू आलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये चोरांनी त्याच दालनातून आठ दागिने पळवले, रीजंट मागे राहिला. बातमी आली तेव्हा मी आईला फोनवर ही सगळी कथा सांगत होते. कृष्णा म्हटल्यावर ती थांबली. आमचं घर कृष्णेच्या घाटापासून चार पावलांवर.

"म्हणजे आपल्याच कृष्णेतला?"

"अगं आई, आपल्याकडून सहाशे-सातशे किलोमीटर खाली, आंध्रात."

"पण पाणी इथूनच गेलं ना?"

यावर इतिहासाकडे उत्तर नाही.

हिऱ्याच्या पैशातून पिटने काय केलं? जहाजं घेतली नाहीत, पेढी काढली नाही. घराणं विकत घेतलं. कॉर्नवॉलमधलं बोकॉनॉक हे सरदारी थाटाचं संस्थान ५४ हजार पौंडांना, आणखी वाडे, जमिनी, आणि जमिनींबरोबर आणखी काही मतदारसंघांत वजन. मुलगा रॉबर्ट त्याआधीच व्हिलिअर्स या बड्या घरात लग्न करून मोकळा झाला होता. मुलगी ल्यूसीही आधीच जेम्स स्टॅनहोपला दिलेली होती आणि जावई लवकरच राज्याचा मुख्य मंत्री झाला. दुसऱ्या मुलाला आयर्लंडमधली अर्लची पदवी मिळाली. पाद्र्याच्या घरापासून इथपर्यंत यायला एक पिढी आणि एक दगड पुरला.

टेकडीवरून खाली उतरलं की स्ट्रॅटफर्ड-सब-कॅसल नावाचं टुमदार गाव लागतं. तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावर लांबूनही वाचता येईल अशा अक्षरांत थॉमस पिटचं नाव, देणगीदार, आणि साल १७११. मला एकदम घरी आल्यासारखं झालं. आमच्याकडे देवळाच्या पायरीपायरीवर संगमरवरी फरशी असते, अमुक यांच्या स्मरणार्थ तमुक यांजकडून रुपये एकशे एक. माणूस कुठलाही असो, परदेशात पैसा केला की गावच्या देवाच्या दारात नाव कोरल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

चैन मात्र थॉमसला तशीही पडली नाही. त्याची मुलाला लिहिलेली पत्रं म्हणजे एकेक करवादलेला म्हातारा आहे. पैसे कुठे गेले, हिशेब का पाठवत नाहीस, आईशी का भांडता, माझ्या पैशावर सगळे टपलेत. एका नातवाबद्दल तेवढं बरं लिहिलंय. इटनच्या शाळेत असलेला धाकटा विल्यम, पोरगा होतकरू आहे म्हणून. १७२६ मध्ये म्हातारा गेला. मालमत्तेवरून कज्जे सुरू झाले. आमच्या रुमालातले कागद उलगडले की त्यातही निम्मे कज्जेच निघतात.

होतकरू विल्यम धाकटा पडला, म्हणून त्याच्या वाट्याला वर्षाला शंभरेक पौंड आले. घोडदळात सर्वांत खालचा अधिकारी झाला. इस्टेट मिळाली थोरल्या भावाला, आणि थोरल्याने १७३५ मध्ये त्याला ओल्ड सॅरममधून पार्लमेंटात पाठवलं. पुढे ज्याला लोकांनी ‘महान सामान्य माणूस’ ही पदवी दिली, त्याला पहिल्यांदा निवडून देणारे लोक किती होते, ते वर आलंच आहे.

मराठी वाचकाला थोरला-धाकटा पटकन कळतं. पिट घराण्यातही हा थोरला विल्यम आणि त्याचा मुलगा धाकटा विल्यम, दोघेही पंतप्रधान. थोरला वक्ता होता. सभागृहात असा बोलायचा की समोरच्याला घाम फुटे. पहिल्याच वर्षांत त्याने सरकारला इतकं टोचलं की तेव्हाचा पंतप्रधान वॉलपोल याने त्याची लष्करातली नोकरी काढून घेतली. वॉलपोलवर दात धरून असलेल्या मार्लबरोच्या म्हाताऱ्या डचेसने १७४४ मध्ये मरताना या पोराला दहा हजार पौंड ठेवले. निव्वळ भाषणांचं बक्षीस! आणखी वीसेक वर्षांनी पिन्सेंट नावाच्या एका सरंजामदाराने सॉमरसेटमधली अख्खी इस्टेट त्याच्या नावे केली.

त्याचं खरं नाव झालं १७४६ नंतर. तो सैन्याचा खजिनदार झाला. या पदावरचा माणूस सरकारी शिल्लक स्वतःच्या नावे गुंतवून व्याज खायचा, मित्रराजांना दिलेल्या मदतीतून टक्का घ्यायचा. हे कुणी लपवत नसे, रीतच होती. पिटने व्याजाला हात लावला नाही, टक्का घेतला नाही. अशा जागेवरून हात कोरडे ठेवून उठलेला माणूस इंग्लंडने पाहिला नव्हता. पुढे फ्रान्सविरुद्धच्या सप्तवार्षिक युद्धात तो मंत्री होता. १७५९ मध्ये कॅनडातलं क्वेबेक पडलं, समुद्रावर फ्रेंच आरमार मोडलं, आणि सगळं श्रेय लोकांनी त्याला दिलं. मग १७६१ मध्ये राजीनामा देताना त्याने बायकोसाठी पदवी आणि वर्षाला तीन हजारांचं निवृत्तिवेतन घेतलं, आणि लोक चिडले. १७६६ मध्ये स्वतः अर्ल ऑफ चॅटम झाला तेव्हा आणखी चिडले. सामान्य माणूस सरदार झाला की लोकांना काहीतरी चोरीला गेल्यासारखं वाटतं.

मी त्या खजिनदारीवर बराच विचार केला. ती खोटी नाही. मोह समोर असताना तो हललाही नाही, आणि खिशात फार पैसा होता म्हणून हलला नाही असंही म्हणता येत नाही. पण पार्लमेंटात उभं राहायला जी फळी पायाखाली लागते ती आजोबांची होती, आणि आजोबांनी ती हिंदुस्थानच्या पैशावर घातली होती. नातवाने व्याज नाकारलं खरं. मुद्दल मात्र त्याच्या जन्माआधीच घरात आलं होतं.

बायको हेस्टर ग्रेनव्हिल घराण्यातली. तिचा भाऊ जॉर्ज ग्रेनव्हिल पंतप्रधान झाला, अमेरिकेतल्या वसाहतींवर स्टॅम्पचा कर लावणारा तो हाच. तिचा एक भाचाही पुढे पंतप्रधान. नवरा, भाऊ, मुलगा, भाचा. या बाईच्या माहेरच्या नि सासरच्या पंगतीत चार पंतप्रधान जेवून उठले असते, आणि पुस्तकांच्या सूचीत तिच्या नावापुढे जेमतेम दोन ओळी. हयातभर दुखणाईत आणि उधळ्या नवऱ्याचे हिशेब जुळवत राहिलेली हेस्टर मला या सगळ्यांत जास्त भेटावीशी वाटते.

७ एप्रिल १७७८ ला उमरावांच्या सभागृहात अमेरिकेवर बोलायला उठलेला चॅटम कोसळला. त्याला उचलणाऱ्यांत अठरा वर्षांचा धाकटा विल्यम होता. महिन्याभराने बाप गेला, मागे वीसेक हजारांचं कर्ज ठेवून. ते पार्लमेंटाने फेडलं.

धाकटा शाळेत गेलाच नाही. घरी बापाने त्याच्याकडून लॅटिन-ग्रीक उतारे वाचता वाचता तोंडी इंग्रजीत करवून घेतले, आणि चौदाव्या वर्षी केंब्रिजला धाडलं. १७८१ मध्ये खासदार. जागा कुठली? ॲपलबी, एका बड्या जमीनदाराच्या खिशातली. तेविसाव्या वर्षी अर्थमंत्री. चोविसाव्या वर्षी, डिसेंबर १७८३ मध्ये, पंतप्रधान. लोक हसले. नाताळात खायच्या मिन्स पायसारखं हे सरकार, सण संपला की संपलं, म्हणाले. ते टिकलं सतरा वर्षं.

त्याला खुर्ची मिळाली कशावरून? पुन्हा हिंदुस्थान. आधीच्या सरकारातला मंत्री फॉक्स याने कंपनीचा कारभार सरकारी आयुक्तांच्या हाती देणारं विधेयक आणलं होतं. राजा तिसऱ्या जॉर्जने उमरावांना कळवलं की जो याच्या बाजूने मत देईल तो माझा शत्रू. विधेयक पडलं, सरकार गेलं, पिट आला. कंपनीही निवडणुकीत त्याच्या पाठीशी उभी राहिली. पुढच्याच वर्षी त्याने स्वतःचा इंडिया ॲक्ट केला आणि कंपनीच्या डोक्यावर सरकारी नियंत्रण मंडळ बसवलं. पणजोबाला पकडून दंड करणारी कंपनी पणतवाच्या टाचेखाली आली. थॉमसने वर बसून नक्की मिशीला पीळ दिला असेल, मिशी असेल तर.

त्या १७८४ च्या कायद्यात एक कलम आहे: हिंदुस्थानात विजय मिळवण्याच्या आणि राज्य वाढवण्याच्या योजना या राष्ट्राच्या इच्छेला, प्रतिष्ठेला आणि धोरणाला न शोभणाऱ्या आहेत. वाचून मी पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं. छापलेलं तसंच होतं. याच नियंत्रण मंडळावर बसून पिटचा मित्र रिचर्ड वेलस्ली हिंदुस्थान शिकला, १७९८ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि सात वर्षांत त्याने टिपूचं राज्य बुडवलं, ३१ डिसेंबर १८०२ ला वसईत दुसऱ्या बाजीरावाकडून तह लिहून घेतला, आणि पुढच्या सप्टेंबरात त्याच्या धाकट्या भावाने असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजा मोडल्या. वसई-असईच्या दिवसांत पिट स्वतः सत्तेबाहेर होता, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. कलम मात्र कायद्यातच होतं.

पैशाच्या बाबतीत धाकटा बापाच्या वळणावर गेला. १७८४ च्या सुरुवातीला वर्षाला तीन हजारांचं, काहीही काम नसलेलं पद रिकामं झालं. ते स्वतःला घेणं हा त्याचा रिवाजसिद्ध हक्क होता आणि त्याला गरजही होती. ते त्याने दुसऱ्याला दिलं आणि त्या बदल्यात सरकारचं एक निवृत्तिवेतन वाचवलं. १७८५ मध्ये त्याने ३६ कुजके मतदारसंघ मालकांना भरपाई देऊन बंद करण्याचा ठराव आणला. घरचं वतन ज्या जातीचं, त्याच जातीवर कुऱ्हाड. ठराव पडला, आणि नंतर त्याने तो विषय पुन्हा लावून धरला नाही. लग्न केलं नाही, घरच्या बिलांकडे पाहिलं नाही, नोकर आणि दुकानदार लुटत राहिले. जानेवारी १८०६ मध्ये पटनीच्या घरी तो मरणपंथाला लागला होता, तेव्हा हिंदुस्थानातून नुकता परतलेला रिचर्ड वेलस्ली त्याला भेटून गेला. काय बोलले असतील? वसई निघाली असेल का? २३ तारखेला पिट गेला. वय ४६. कर्ज चाळीस हजार पौंड, तेही पार्लमेंटाने फेडलं. बापाचं नि लेकाचं मिळून साठ हजार. हिरा विकला होता एक लाख पस्तीस हजारांना.

आणि ओल्ड सॅरम? ते घराण्याच्या थोरल्या पातीकडे होतं. ती पाती कर्ज, कज्जे आणि तिरसटपणा यांत झिजत गेली. १८०२ मध्ये शेवटच्या पिटने, लॉर्ड कॅमेलफर्डने, ते कॅलेडनच्या अर्लला विकलं. या अर्लच्या बापाने पैसा कुठे केला होता? कंपनीच्या नोकरीत, हिंदुस्थानात. कॅमेलफर्ड दोन वर्षांनी द्वंद्वयुद्धात गोळी लागून मेला. कॅलेडनला वतन तीस वर्षं लाभलं, मग १८३२ चा कायदा आला.

उन्हं उतरली तशी मी परत वर गेले. तिकिटाच्या खिडकीतल्या बाई कुलूप शोधत होत्या. ते एल्मचं झाड कुठे होतं, म्हणून मी त्यांना विचारलं. त्यांनी खालच्या शेताकडे हात केला, "तिथे कुठेतरी." मी तटाच्या कडेला जाऊन पाहिलं. हिरवंगार शेत, कुंपण, आणि चरणाऱ्या मेंढ्या. बस यायला वेळ होता, म्हणून मी त्या मोजल्या. अकराहून बऱ्याच जास्त भरल्या.